ताटाची डावी बाजू

आईला स्ट्रोक आला तो मेंदूच्या उजव्या भागात, म्हणून लुळी पडली ती डावी बाजू. इतपत आम्हाला माहीत होतं. नात्यात अर्धांगवायू झालेली माणसं पाहिलेली होती, त्यामुळे मालिश, व्यायाम, वॉकर, कमोड या सगळ्याची मनाची तयारी झाली होती. ज्याची तयारी नव्हती ते निराळंच निघालं. आईच्या लेखी डावीकडचं जगच उरलं नव्हतं. डावीकडचा माणूस, डावीकडची वाटी, डावीकडचं दार, स्वतःचा डावा हात, सगळंच पुसलं गेलं होतं.

डॉक्टरांच्या भाषेत याला निग्लेक्ट म्हणतात. उजव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर तो पुष्कळ पेशंटमध्ये कमीजास्त दिसतो, तरी डिस्चार्जच्या कागदावर त्याचा उल्लेख असेलच असं नाही. आमच्या कागदावर नव्हता. घरी आणल्यावर काय काय होईल, काय करायचं, हे आम्हाला एकेक करत शोधावं लागलं. म्हणून हे सविस्तर लिहितेय. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी ‘हिचं लक्षच नसतं’ म्हणून विषय सोडून देऊ नये, एवढीच इच्छा.

ती सकाळी उठली तेव्हाच झालेलं होतं. नेमकं किती वाजता, ते कुणालाच सांगता येईना. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ते त्यामुळे देता आलं नाही. आयसीयूमधून वॉर्डात आणल्यावर तिची मान आणि नजर सारखी उजवीकडे वळलेली असायची. बाबा पलंगाच्या डाव्या अंगाला स्टूल टाकून बसायचे, कारण तिकडेच जागा होती. आणि ती मला विचारायची, "हे कुठं गेलेत गं? सकाळपासून फिरकले नाहीत." बाबा तिथूनच म्हणायचे, "अगं, इथेच आहे मी." आवाज कानावर पडायचा, पण ती शोधायची उजवीकडेच, माझ्या मागे, दाराकडे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संसार आणि हाताच्या अंतरावर बसलेला नवरा सापडत नाही, हे बघताना आम्हा दोघांचीही तोंडं सुकायची.

न्यूरोलॉजिस्टनी कागद-पेन मागवलं. कागदावर आडवी रेघ काढून मध्य दाखवायला सांगितला, तिने खूण केली ती पार उजव्या टोकाकडे. मग कागदभर विखुरलेल्या बारीक रेघा एकेक करून खोडायला सांगितल्या. उजवीकडच्या तिने व्यवस्थित खोडल्या आणि "झालं" म्हणून पेन खाली ठेवलं. घड्याळ काढायला सांगितल्यावर गोल नीट काढला, पण बाराचे बारा आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने बसवले. ही आमच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेली, फळ्यावर ओळ सरळ लिहिणारी बाई.

डोळे तपासून झाले होते, दृष्टी शाबूत होती. हा फरक समजायला मला वेळ लागला, पण तो समजला की पुढचं बरंच सोपं होतं. नजरेचा अर्धा भाग गेला तर माणसाला ते जाणवतं, तो मान वळवून ती उणीव भरून काढतो. निग्लेक्टमध्ये डावीकडे काही असू शकतं ही जाणीवच जाते. उणीव आहे हेच ठाऊक नाही, तर ती भरायला कोण वळेल? ‘डावीकडे बघ’ हे सांगणं म्हणूनच फुकट जातं. ती बघते, पण तिच्या जगाची जी कड आहे तिथवरच.

डावीच बाजू का? डॉक्टरांनी जे सांगितलं ते असं. आपला डावा मेंदू मुख्यतः उजव्या बाजूकडे लक्ष ठेवतो, उजवा मेंदू मात्र दोन्हींकडे. डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवा सांभाळून घेतो. उजव्याला झाली तर डाव्या बाजूला कुणी वालीच उरत नाही.

सगळ्यात अवघड गेली ती हाताची गोष्ट. एका संध्याकाळी मी तिचा डावा हात उचलून तिच्यासमोर धरला आणि विचारलं, "हा कुणाचा गं?"

"वन्संचा." वन्सं म्हणजे माझी आत्या. ती तेव्हा तिच्या घरी होती.

"मग पाटल्या कुणाच्या आहेत?"

तिने नीट निरखून बघितलं. "पाटल्या माझ्या. त्यांनी घातल्यात."

ती चेष्टा करत नव्हती, तिला भ्रमही झालेला नव्हता. वार, महिना, माझ्या मुलीची परीक्षा कधी, सगळं बरोबर सांगत होती. फक्त तो हात तिचा नव्हता. काही पेशंटमध्ये असं होतं, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत, आणि बहुतेकांचं ते ओसरतं. आईचंही ओसरलं. लुळेपणाचीच जाणीव नसणं, हा प्रकार तर फ्रेंच डॉक्टर बाबिन्स्की यांनी १९१४ सालीच नोंदवून ठेवलेला आहे. आईला विचारलं, डावा हात उचलता येतो का, तर ती म्हणायची, "येतो की. आत्ता कंटाळा आलाय."

घरी आल्यावर पहिला घोळ जेवणात झाला. आमच्याकडे ताट रीतीप्रमाणे वाढतात. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी, मध्ये भात, पुढे पोळी. (मीठ डॉक्टरांनी ताटातून बंदच केलं होतं.) आई रोज म्हणायची, "चटणी संपली का गं? करायला काय झालं?" चटणी समोर. लिंबू समोर. भाताचा उजवा अर्धा भाग खाऊन झालेला, डावा तसाच, मधे सुरीने कापल्यासारखी रेघ. पोळीचंही तेच. ती अर्धपोटी उठत होती आणि आम्हाला वाटत होतं भूकच मंदावली आहे. एकदा बाबांनी ताट अर्धं फिरवलं, तर तिचा चेहरा उजळला. "आत्ता वाढलीस होय!"

ताट फिरवणं ही सोय झाली, उपाय नव्हे. पण ते पोटाला लागतं, म्हणून पहिले काही आठवडे आम्ही बेलाशक फिरवलं.

पेपरची गंमत अशी होती की चूक तिच्या लक्षात येऊ नये इतकी बेमालूम असायची. ‘महानगरपालिका’ ती ‘पालिका’ वाचायची. ‘अपघात’ला ‘घात’, ‘नवरात्र’ला ‘रात्र’. मराठी डावीकडून सुरू होते, त्यामुळे प्रत्येक लांब शब्दाचं डोकंच उडायचं आणि उरलेल्या धडातून मेंदू काहीतरी अर्थ उभा करायचा. ओळीही अर्ध्यावरून वाचायच्या, म्हणजे एका वाक्याचा दुसऱ्याशी पत्ता नाही. ती चष्मा काढून म्हणायची, "हल्ली बातम्या धड लिहीतच नाहीत." तिच्या बाजूने बघितलं तर ते अगदी खरं होतं.

आणि साडी. गाऊनमध्ये तिला कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून थोडी उभी राहू लागल्यावर तिने साडीचाच हट्ट धरला. गोल साडी नेसताना कापड सगळ्या अंगाभोवती फिरतं. उजवीकडे खोचून सुरुवात, डावीकडून मागे, पुन्हा पुढे, निऱ्या, आणि शेवटी उजव्या काखेखालून पदर वर येऊन डाव्या खांद्यावर. मी धरून, निऱ्यांपर्यंत कसंबसं व्हायचं. पदर छातीपर्यंत यायचा आणि तिथे हात थांबायचा. पदर मुठीत धरून ती तशीच उभी. जिथे तो टाकायचा तो खांदा तिच्या नकाशात नव्हता. ब्लाउजची डावी बाही तर लोंबकळतच राहायची. पन्नास वर्षं ज्या हाताने आरशात न बघता पदर टाकला, त्या हाताला आता पुढचा पत्ता मिळत नव्हता.

नकाशा हा शब्द आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमचा, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या बाईंचा. त्या दर आठवड्याला घरी यायच्या. त्यांनी मला सांगितलं की १९११ साली लंडनचे दोन डॉक्टर, हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स, यांनी हे मांडलं होतं: मेंदू शरीराचा एक आराखडा सतत जवळ बाळगतो आणि प्रत्येक हालचालीनंतर तो सुधारून घेतो. आपण डोळे मिटून नाकाला बोट लावतो ते त्या जोरावर. हा आराखडा कातडीपाशी संपत नाही, असंही त्यांनी लिहून ठेवलंय. टोपीत पीस खोवणाऱ्या बाईची जाणीव त्या पिसाच्या टोकापर्यंत पोचते, हे त्यांचं उदाहरण. मला टोपी-पीस काही कळलं नाही, पण आई स्कूटीवर दोन्ही हँडलना मंडईच्या पिशव्या लावून पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतून जायची ते डोळ्यांसमोर आलं. पिशवी कधी कुणाला घासली नाही. पिशव्यांसकट तिचं अंग तेवढं रुंद झालेलं असायचं.

"पण मग स्वतःचा हात दुसऱ्याचा कसा वाटेल?" मी विचारलं. मॅडमनी उत्तर न देता पुढच्या खेपेला एक रबरी हातमोजा आणला. त्यात कापूस ठासून भरला. माझा डावा हात टेबलावर, मध्ये पुठ्ठ्याची फाईल उभी करून माझ्या नजरेआड. तो मोजा माझ्यासमोर, बोटं माझ्या खऱ्या बोटांच्याच दिशेने मांडलेली, आणि मनगटापासून खांद्यापर्यंत ओढणी, म्हणजे मोज्याला दंड आहे असं वाटावं. मग त्यांनी रंगवायचे दोन ब्रश घेतले. एक फाईलीमागे माझ्या खऱ्या तर्जनीवर, एक मोज्याच्या तर्जनीवर. दोन्ही एकाच वेळी, एकाच दिशेने, अगदी सावकाश. तर्जनी, मधलं बोट, अंगठा, पुन्हा तर्जनी.

पहिल्यांदा काहीच नाही. ब्रश मोज्यावर फिरतोय हे दिसतंय, माझ्या बोटावर फिरतोय हे कळतंय. मग कधीतरी त्या दोन गोष्टी एक झाल्या. कधी झाल्या ते सांगता येणार नाही. पण ब्रशचा स्पर्श मला त्या पांढऱ्या मोज्यात होऊ लागला, कापूस भरलेल्या त्या बोटात. मॅडमनी डोळे मिटायला सांगितले आणि उजव्या हाताने टेबलाखालून दाखव म्हणाल्या, डावा हात कुठे आहे. मी दाखवलं ते खऱ्या हातापासून मोज्याकडे सरकलेलं होतं. डोळे उघडल्यावर त्यांनी अचानक पट्टी उचलून मोज्यावर हाणली आणि मी किंचाळून हात मागे घेतला. आई उजवीकडून बघत होती. ती हसायला लागली. स्ट्रोकनंतर इतकं मोकळं ती पहिल्यांदाच हसली.

मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी हा प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध केला. त्या दिवसानंतर मला आईच्या ‘वन्संचा हात’चं नवल वाटेनासं झालं. हात माझा आहे हे मेंदूला आयतं मिळत नाही. नजर, स्पर्श, सांध्यांकडून येणारी खबर यांचा मेळ घालून तो ते क्षणोक्षणी ठरवत असतो. माझ्या धडधाकट मेंदूने काही मिनिटांत हातमोजा आपला मानला. मग आईच्या जखमी मेंदूकडे डाव्या हाताची खबरच पोचत नसताना त्याने तो परका मानला, तर त्यात वेड लागण्यासारखं काही नाही.

आता एक गोष्ट अशी, जी आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितली नसती तर विश्वास ठेवला नसता. आईच्या खोलीत छताजवळ कपडे वाळत घालायची दोरी आहे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पलंगावर पडल्या पडल्या ती मला सांगायची, "त्या डाव्या टोकाचा टॉवेल वाळलाय बघ." म्हणजे लांबची डावी बाजू तिला सापडत होती! हाताशी ठेवलेला पाण्याचा पेला मात्र सापडत नव्हता. मॅडमना हे अपेक्षित होतं. मेंदू जवळची जागा आणि लांबची जागा वेगवेगळी सांभाळतो. जवळची म्हणजे जिथे हात पोचतो, जिथून काही येऊन अंगाला लागू शकतं ती. इटलीत पार्मा इथे जाकोमो रिझोलाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माकडांच्या मेंदूत अशा पेशी आढळल्या, ज्या गालाला स्पर्श झाला की जाग्या होतात आणि गालाजवळ काही येताना नुसतं दिसलं तरी जाग्या होतात. लांबच्या वस्तूशी त्यांना देणंघेणं नसतं. काहींचा निग्लेक्ट जवळच्या जागेपुरता असतो, काहींचा उलट. आईचा जवळचा.

पुढे ती आधाराने उभी राहू लागली आणि आपली आपण काठीने कपडे दोरीवर टाकू लागली, उजव्या हाताने. सगळे कपडे उजव्या अर्ध्या दोरीवर, एकावर एक. डावी दोरी रिकामी. तीच दोरी, जिच्या डाव्या टोकाचा टॉवेल तिला पलंगावरून दिसायचा. हातात काठी आली आणि लांबची दोरी जवळची झाली, आणि जवळच्या जागेत डावी बाजू नाही. हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी बॅग खाली ठेवून पुन्हा सगळं नीट विचारून घेतलं. अॅना बेर्ती आणि फ्रान्चेस्का फ्रासिनेत्ती यांनी २००० साली एका पेशंटबद्दल हेच लिहिलंय: लांबच्या रेघेचा मध्य प्रकाशाच्या ठिपक्याने दाखवायला सांगितला तर बरोबर, तीच रेघ लांब काठीने दाखवायला सांगितली की चूक. जपानमध्ये अत्सुशी इरिकी यांनी त्याआधी, १९९६ मध्ये, माकडांना दाताळ्याने खाऊ ओढायला शिकवलं, तर हाताजवळची जागा सांभाळणाऱ्या पेशी दाताळ्याच्या टोकापर्यंत पसरल्या. काठी हातात धरली की मेंदूच्या दृष्टीने हातच लांब होतो. आमच्या घरात ते दोरीवरच्या कपड्यांनी दाखवलं.

मग मी एक वाचलं आणि राहवेना. १९७८ मध्ये एदोआर्दो बिसियाक आणि क्लाउदिओ लुत्सात्ती यांनी मिलानच्या दोन पेशंटना तिथला कॅथेड्रलसमोरचा चौक मनात आणून सांगायला लावला होता. आईला मी लकडी पूल दिला. उभा जन्म तिचा त्या पुलावरून गेला.

"डोळे मीट. तू अलका टॉकीजकडून पुलावर आलीस, तोंड डेक्कनकडे. मध्यावर थांबलीस. काय काय दिसतं सांग."

"झेड ब्रिज. त्याच्यावर गाड्या लावून बसलेली पोरं. खाली भिडे पूल. मेट्रोचे खांब, नदीपात्रातले." सगळं उजवीकडचं.

"अजून?"

"अजून काय असणार? पाणी."

तास-दोन तास जाऊ दिले. मग म्हटलं, "आता तू डेक्कनवरून घरी येतेयस. तोंड अलकाकडे. तिथेच थांबलीस."

"एस. एम. जोशी पूल. त्याच्यापलीकडे म्हात्रे पूल." आता हे उजवीकडे आले होते. आणि गप्प. झेड ब्रिज गेला. पोरं गेली, मेट्रो गेली.

मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दोन्ही बाजू तिच्या आठवणीत शाबूत होत्या, कुठलाच पूल ती विसरली नव्हती. पण आठवणीतला पूल बघायलासुद्धा मनात कुठेतरी उभं राहावं लागतं, आणि उभं राहिलं की डावं-उजवं आलंच. डोळे मिटून जे बघतो तेही शरीराच्या जागेवरून बघतो. हे मला कुठल्या पुस्तकाने इतकं पटवलं नसतं.

आता उपायांबद्दल. चमत्कार कुठलाच नाही. प्रिझमचा चष्मा लावून नजर उजवीकडे सरकवायची आणि मग हाताला डावीकडे जायची सवय लावायची, असा एक उपचार १९९८ पासून चर्चेत आहे, काहींना त्याचा फायदा होतो, सगळ्यांना नाही. आम्ही तो केला नाही. आम्ही केलं ते साधं आणि रोजचं.

लाल चिकटपट्टी. पेपरच्या डाव्या कडेला, ताटाखालच्या चटईच्या डाव्या कडेला, स्वयंपाकघराच्या चौकटीच्या डाव्या बाजूला. नियम एकच: लाल दिसल्याशिवाय सुरुवात नाही. ‘डावीकडे बघ’ या सांगण्यात तिला पकडायला काही नसतं. ‘लाल शोध’ म्हटलं की शोधायला एक वस्तू मिळते. ती मान वळवत वळवत जायची, थांबायची, "नाही गं", मी म्हणायचे "अजून", आणि मग कधीतरी "हां". त्या ‘हां’नंतर ओळ पहिल्या अक्षरापासून वाचली जायची.

दुसरं, तिचा स्वतःचा डावा हात. जेवताना तो उचलून ताटाच्या डाव्या बाजूला ठेवायचा. मग उजव्या हाताचं बोट ताटाच्या कडेवरून फिरवत न्यायचं, डावा हात भेटेपर्यंत. वाटेत चटणी लागते, लिंबू लागतं. आणि वाचायच्या आधी, पदर घ्यायच्या आधी, डावी बोटं जमतील तेवढी हलवायची. ब्रिटनमध्ये इयन रॉबर्टसन यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की डाव्या बाजूला डावा हात किंचित जरी हलला तरी त्या बाजूचं भान वाढतं. माझ्या मते सगळ्या उपायांत हा सर्वात मोलाचा. हरवलेल्या बाजूला परत आणायचं तर त्याच बाजूचं अंग दूत म्हणून पाठवायचं. कपड्यांचा नियमही त्यातलाच: घालताना डावी बाही आधी, काढताना शेवटी.

तिसरी गोष्ट आम्हीच काढली, मॅडमनी मान डोलावली. ठिपक्यांची रांगोळी. खाली बसणं शक्य नव्हतं, म्हणून टेबलावर पाट, पाटावर काळा कागद. सात ते सात ठिपके मी काढून द्यायचे, सगळ्यात डावी रांग कुंकवाने. आईचा हात मुळातला चांगला, चिमटीतून पडणारी रेघ अजून एकसारखी. सुरुवातीला तिने उजवं अर्धं कमळ काढलं आणि हात झटकले. दुसऱ्या दिवशीही अर्धंच. मग मी कमळ बंद करून रेघेची रांगोळी दिली, जी ठिपक्यांना वळसा घालत जाते आणि जिथून निघाली तिथेच येऊन मिळते. ती रेघ अर्ध्यात सोडताच येत नाही. हाताला कळतं की अजून बंद झालेली नाही. ती मधल्या रांगेशी अडली, चिमूट हवेत, ओठ हलत होते, ठिपके मोजत होती. "चार... पाच..." आणि वळसा घेऊन पाचव्या रांगेत गेली. तिथून मागे फिरली. कुंकवाच्या रांगेपर्यंत पोचायला पुढे बरेच दिवस लागले, पण डोळ्यांनी न सापडलेली वाट तिच्या बोटांना रेघेच्या ओढीने सापडत होती. परीक्षेतल्या त्या खोडायच्या रेघांपेक्षा हा सराव तिला शतपटीने आवडला, कारण यात तिला पेशंट व्हावं लागत नव्हतं.

भेटायला येणाऱ्यांचं मात्र अवघड. कुणी म्हणायचं मुद्दाम करते, कुणी म्हणायचं डोक्यावर परिणाम झालाय, आणि हे तिच्यादेखत, डावीकडे उभं राहून, तिला ऐकू येत नाही अशा समजुतीने. ऐकू येत होतं. आम्ही शेवटी सगळ्यांना दारातच सांगू लागलो: आधी उजवीकडून जा, हातात हात घ्या, बोलायला लागा, आणि बोलता बोलता खुर्ची हळूहळू डावीकडे सरकवा. आवाजाच्या आणि स्पर्शाच्या मागे तिची मान येते. आत्याने हे फार मनापासून केलं.

आता आई घरात काठीशिवाय चालते, पेपर पहिल्या अक्षरापासून वाचते, पदर खांद्यावर टाकते. दमली की, किंवा एका वेळी दोन गोष्टी करायला गेली की, डावी बाजू अजून निसटते. संध्याकाळी आमटीची वाटी उजवीकडे असते आणि कोशिंबीर राहून जाते. गाडी चालवणं कायमचं बंद, त्यावर आम्ही ठाम आहोत.

रस्ता ओलांडण्याचा सराव सगळ्यात उशिरा सुरू केला. आम्हाला तुळशीबागेत जायचं तर बाजीराव रस्ता ओलांडावा लागतो. तो एकेरी, गाड्या शनिवारवाड्याकडून येतात. म्हणजे जाताना सगळी वाहनं तिच्या डावीकडून आणि परत येताना उजवीकडून. तोच रस्ता, तेवढाच रुंद, पण जाताना जिवावरचा आणि येताना बिनघोर. उलट्या बाजूने घुसणारे स्कूटरवाले वेगळेच. नुसती मान वळवून भागत नाही. हान्स-ओटो कार्नाथ यांनी १९९१ मध्ये दाखवलं होतं की डोकं तसंच ठेवून धड डावीकडे वळवलं तरी निग्लेक्टच्या पेशंटला डावं जास्त सापडतं, कारण मेंदू डावं-उजवं धडाच्या मध्यरेषेवरून मोजतो. म्हणून आई कडेला आली की आधी पावलांसकट पूर्ण वळते, छाती शनिवारवाड्याकडे. गाड्या समोरून येताना दिसतात. मग माझा दंड धरते आणि आम्ही निघतो. एकटीने जायची परवानगी अजून नाही, ती मागते मात्र रोज.

गॅसची डावी शेगडी बंद करून ठेवली आहे, बटणावर टोपण बसवून. एकदा दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि वास येईपर्यंत तिला पत्ता नव्हता. दिवाळीच्या फराळापर्यंत ती शेगडी परत हवी, असं तिने मॅडमना बजावून सांगितलंय. पुढच्या सोमवारपासून त्या स्वयंपाकघरात सराव घेणार आहेत, आधी गॅस न पेटवता, नुसती रिकामी पातेली ठेवून.